तरुण संघाला घेऊन नेपाळच्या वीटभट्टीवर जायचं तर

जानेवारी उजाडला की कुठल्या ना कुठल्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघाचा फोन येतोच. "सलाम बाई. आम्हालाही मिशन ट्रिप काढायचीय. परदेशात, गरीब मुलांसाठी. काय काय लागतं?" मी उलट विचारते, "तुम्हाला बोलावलंय कुणी?" पलीकडे शांतता. मग हळूच, "म्हणजे, आपण गेलो की त्यांना आनंदच होईल ना?"

दर वर्षी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढते. मी नगरची. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच बसलंय.) जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणतीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त. आमच्या मंडळीच्या तरुण संघाला घेऊन २०१८, २०१९, २०२३, २०२४ आणि २०२५ अशी पाच वेळा नेपाळला गेले, भक्तपूर जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर. पहिली फेरी वाया गेली. तिचीच जास्त हकीकत सांगणार आहे, कारण चांगल्या फेरीपेक्षा वाया गेलेलीतून माणूस जास्त शिकतो.

आधी बोलावणं, मग तिकीट

२०१८ साली आम्ही चौदा जण गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. ओळखीतून काठमांडूतल्या एका बालगृहाचा पत्ता मिळाला, फोन केला, ते म्हणाले या. साठ दप्तरं, खडू, रंगपेट्या, तीन किलो चॉकलेटं आणि एक गिटार असा लवाजमा. मुलांनी आम्हाला रांगेत उभं राहून स्वागतगीत म्हणून दाखवलं. हातवारे इतके बसलेले होते की माझ्यातली शिक्षिका तिथंच सावध झाली. इतकी तयारी आठवड्यातून दोन-तीनदा गाणं म्हटल्याशिवाय होत नाही. म्हणजे आमच्यासारखे आठवड्यातून दोन-तीनदा येत होते.

दुपारी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याशेजारी बसला होता. मोडक्या हिंदीत बोलत होता. आई कुठंय विचारलं, तर म्हणाला, "गाँव में." बाबा? "वो भी गाँव में." मग अनाथालयात कशाला आलास रे बाळा? ते त्याला सांगता येईना.

माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या बोर्डिंगात वाढली. तिची आई जिवंत होती, खायला घालता येत नव्हतं एवढंच. आजी सांगायची की साहेब-मडमा पाहुण्या आल्या की मुलींना धुवूनपुसून ओळीत उभं करायचे आणि पाहुणे गेले की पणजी रडायची. त्या बोर्डिंगनं तिला जगवलं, शिकवलं, त्या उपकारांवर आमच्या चार पिढ्या उभ्या आहेत. पण ती ओळ ती कधी विसरली नाही. आणि मी काठमांडूत नेमकी त्या ओळीच्या समोरच्या बाजूला जाऊन बसले होते, हातात चॉकलेटांची पिशवी घेऊन.

परत आल्यावर वाचलं तेव्हा कळलं की नेपाळच्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, कित्येकदा दोघंही, हयात असतात. शिकवतो म्हणून दलाल खेड्यातून मुलं आणतात. पाहुणे येतात, पाहुण्यांबरोबर पैसा येतो, म्हणून आणखी मुलं आणली जातात. ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा करताना याची दखल घेतली, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०१९ मध्ये अशा स्वयंसेवेच्या नावाखालच्या पर्यटनाबद्दल इशारा दिला. नेपाळचा २०१८ चा बालकांविषयीचा कायदासुद्धा सांगतो की संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. म्हणून आमचा पहिला नियम: बालगृहाला भेट नाही. कितीही ओळखीचं असो, कितीही प्रार्थनाशील माणसं चालवत असोत. मुलं आईबापांजवळ राहतात अशा ठिकाणीच आपण मदतीला जायचं.

त्याच फेरीत परत निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, भक्तपूरकडच्या एका छोट्या मंडळीत उपासनेला गेलो. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारची, त्यामुळे मंडळ्या शनिवारी जमतात, हे लक्षात ठेवा. कार्यक्रम आखताना हमखास चुकतं. त्या मंडळीतली एक बाई जवळच्या भट्टीवरच्या मुलांसाठी पत्र्याखाली दुपारचा वर्ग चालवत होती. सगळे तिला दिदी म्हणतात, मीही म्हणते, वयानं धाकटी असून. मी तिला विचारलं, पुढच्या वर्षी आलो तर काय आणू? ती हसली आणि म्हणाली, "माणसं कमी आणा."

हे आमचं बोलावणं. त्यानंतर वर्षभर फोनवर बोलत राहिलो. तिनं पत्र पाठवलं त्यात तीन मागण्या होत्या: सहापेक्षा जास्त जण नकोत, त्यात एक खरोखरची शिक्षिका हवी, आणि मुलांना वाटायला काही आणू नका. तुम्हाला असं पत्र येईपर्यंत तिकिटं काढू नका. पत्रात काम लिहिलेलं असलं पाहिजे, नुसतं 'आपले स्वागत आहे' पुरेसं नाही.

आधी आपला फड

काठमांडू खोऱ्यात शंभरेक वीटभट्ट्या असतील. हंगाम साधारण मंसिर-पौषात, म्हणजे डिसेंबरच्या आसपास सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर बंद. रोल्पासारख्या डोंगराकडच्या जिल्ह्यांतून, रौतहट-सर्लाहीसारख्या तराईतून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. ठेकेदाराला तिथं 'नाइके' म्हणतात, तो हंगामाआधी गावात जाऊन आगाऊ रक्कम देतो, तिला 'पेश्की'. कच्च्या विटा एकावर एक रचून, वर पत्रा टाकून, दगडं ठेवून केलेली खोपटी. घरादाराच्या हातांनी विटा पाडायच्या, मोबदला नगावर.

नगर-बीडकडच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागतं का? नाइके म्हणजे ऊसतोडीचा मुकादम. पेश्की म्हणजे उचल. विटांचा सांचा म्हणजे कोयता समजा. पाथर्डीच्या पोरानं पहिल्यांदा भट्टी पाहिली आणि म्हणाला, "बाई, ही तर आपली टोळी."

म्हणून २०१९ पासून आमच्याकडे नियम आहे: नेपाळला यायचं त्यानं आधीच्या नोव्हेंबर ते मार्च दर शनिवारी ऊसतोड कामगारांच्या तळावर यायचं. तिथं मुलांना दोन तास शिकवायचं, शेण-चिखल तुडवत जायचं, बैलाला बिचकायचं नाही. पासपोर्ट, गिटार, साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव) सांगायची हौस, यातलं काही मी बघत नाही. हजेरी बघते. पहिल्या वर्षी तेवीस नावं आली होती, डिसेंबरअखेर नऊ उरली. गाळणी दुसरी लावावी लागलीच नाही. आणि खरं सांगायचं तर दोघं जण मार्चमध्ये म्हणाले, "बाई, आम्ही नेपाळला येत नाही, इथंच चालू ठेवतो." त्यांचा मला जास्त अभिमान आहे.

एक जण मात्र मी स्वतःहून कमी केला. पोरगा चांगला, गळा गोड, पण तळावर पाचव्या मिनिटाला मोबाइल बाहेर. लेकराच्या शेंबड्या नाकासकट रील. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्याच्या आईला घरी जाऊन सांगितलं. आई नाराज झाली, अजून आहे.

अठराखालचं कुणी नको. सहा जणांत निदान तीन मुली, एक नर्सिंग शिकलेली किंवा शिकणारी, आणि एक हिशोबाला चोख. प्रत्येकाची पोलीस पडताळणी करून घ्या. चारित्र्याचा दाखला मागितला की लोकांना अपमान वाटतो, मंडळीतल्या वडिलांच्या, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या, मुलाकडे मागितला तर फारच. म्हणून मी सगळ्यांत आधी माझा स्वतःचा काढला आणि कमिटीच्या टेबलावर ठेवला. पुढं कुणी बोललं नाही.

पैसे

आता रुक्ष भाग. मंडळीचा न्यास धर्मादाय म्हणून नोंदलेला असेल तर त्याचा पैसा सरळ उचलून देशाबाहेर खर्च करता येत नाही. करसवलत टिकवायची तर प्राप्तिकराच्या केंद्रीय मंडळाची परवानगी लागते. तुमच्या सीएला विचारल्याशिवाय दानार्पणाच्या पेटीला हात लावू नका. आम्ही सोपं केलं: ज्याचा त्याचा खर्च ज्यानं त्यानं करायचा. नाताळात तरुण संघ करंज्या, अनारसे आणि केक विकतो आणि ज्याला झेपत नाही त्याचा वाटा त्यातून मित्र म्हणून उचलतो, न्यासाच्या वहीत न आणता. २०२५ ला अकरा दिवसांचा खर्च माणशी साडेअकरा हजारांच्या आत बसला. मनमाडहून स्लीपरनं गोरखपूर, पुढं बस आणि मुक्काम मंडळीच्या सभागृहात, सतरंजीवर, म्हणून. विमानानं जाल तर हा आकडा विसरा.

या हिशोबाबरोबर आणखी एक हिशोब मांडा, सगळ्यांसमोर. आमच्या सहा जणांच्या जाण्यायेण्याच्या पैशात दिदीच्या वर्गावर एक मदतनीस शिक्षिका किती महिने ठेवता येईल? तो आकडा ऐकून खोली गप्प होते. होऊ द्या. आम्ही तो फळ्यावर लिहिला आणि ठरवलं की आपण जाऊन जे करणार ते या आकड्यापेक्षा मोलाचं नसेल तर जायचं नाही. २०२४ ला म्हणूनच फक्त तिघी गेलो.

कागद, गाडी, घड्याळ

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण ओळख लागते. पासपोर्ट नसेल तर निवडणूक ओळखपत्र. पंधरा ते पासष्ट या वयात विमानतळावर आधार कार्ड चालत नाही, आणि आपली पोरं आधारच्या भरवशावर निघतात. नुकत्याच अठरा झालेल्यांनी आधी मतदार नोंदणी करून कार्ड हातात घ्यावं. त्याला महिने लागतात, म्हणून ऑक्टोबरातच मागं लागा.

मनमाड ते गोरखपूर काशी किंवा कुशीनगर एक्स्प्रेस, सव्वा-दीड दिवसाचा प्रवास. गोरखपूरहून सोनौली सीमा साधारण शंभर किलोमीटर. चालत कमान ओलांडायची, पलीकडे बेलहिया, मग भैरहवा आणि तिथून काठमांडूची बस. ही बस नकाशावर तीनशेच्या आत दिसते, म्हणून संध्याकाळी पोचू असं वाटतं. नारायणगढ-मुग्लिनच्या घाटात दरड असली की रात्र तिथंच. कोरडं खाणं बरोबर ठेवा. आमच्याकडे बाजरीच्या खारोड्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, बसमधल्या निम्म्या लोकांनी खाल्ली.

सीमा ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढं. नेपाळचा रुपया आपल्या रुपयाला बांधलेला आहे, शंभर आपले म्हणजे एकशेसाठ त्यांचे. दुकानात भाव सांगितला की 'आयसी की एनसी?' विचारून घ्या. आयसी म्हणजे भारतीय, एनसी नेपाळी. पाचशेच्या नोटांचे नियम बदलत असतात, त्यामुळे शंभराच्याच नोटा न्या. भारतीय सिम तिकडे रोमिंगशिवाय मुकं होतं, पोचल्यावर दोघांनी तिकडचं सिम घ्यावं, तेवढं बास. एप्रिलात दिवसा ऊन आणि संध्याकाळी एकदम गार वारा, कधी गारा. भट्टीच्या धुळीसाठी चांगले मास्क न्या, ओआरएस न्या. टायफॉइडची लस महिनाभर आधी घ्या, कारण पाण्यानं आजारी पडलेला स्वयंसेवक म्हणजे यजमानांच्या डोक्यावर आणखी एक लेकरू.

भाषा: वाचता येते म्हणजे समजते असं नाही

नेपाळी देवनागरीत आहे. सीमा ओलांडताच पोरं पाट्या धडाधड वाचायला लागतात आणि त्यांना वाटतं भाषा आलीच. पसल म्हणजे दुकान, राम्रो म्हणजे छान, भोलि म्हणजे उद्या. वर्गात पहिल्याच दिवशी मुलं विचारत होती, "खाजा कहिले?" आमच्या एका वीरानं दिदीला जाऊन विचारलं की मुलांना खाजा कुठून आणून द्यायचा, जवळ मिठाईवाला आहे का. खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं. चिवडा-वाटाणे होते ते.

चाळीस शब्द पाठ करून जा. नाक, कान, हात, पेट हे जवळजवळ आपलेच, त्यामुळे 'नाकाला हात लावा' हा खेळ पहिल्या पाच मिनिटांत जमतो. फक्त पाय म्हणजे खुट्टा आणि डोकं म्हणजे टाउको एवढं शिकावं लागतं. आम्ही 'पाय' म्हणून ओरडलो की पोरं हसून लोळायची. त्यांना हसू द्या. शिकवायला आलेल्याला काहीतरी येत नाही, हे मुलांनी पाहणं फार चांगलं. मोठ्यांशी बोलताना 'तपाईं' म्हणा, मजूर बाईलासुद्धा. तिला तर आधी.

आणि अर्ध्या मुलांची घरची भाषा नेपाळी नसतेच. तराईकडची मुलं मैथिली-भोजपुरीच्या वळणाचं बोलतात, त्यांना आपली हिंदी जास्त कळते. डोंगराकडच्या मगर (ही तिकडची एक जमात) मुलांना ती कळत नाही. आमची पोरं साहजिकच हिंदी कळणाऱ्यांभोवती गोळा होत होती आणि मगर मुलं मागं सरकत होती. हे दिदीनं दाखवून दिलं, मला दिसलं नव्हतं, एकोणतीस वर्षांच्या नोकरीनंतरही.

वर्गात काय करायचं

काहीही नवं सुरू करायचं नाही. चालू आहे ते पुढं न्यायचं. दिदीचा वर्ग दुपारी दोन ते साडेचार, कारण सकाळी मुलं विटा उलथायला असतात. ओल्या विटा एका बाजूनं वाळल्या की त्या कुशीवर वळवाव्या लागतात, हे काम लहान हातांचं मानलं जातं. मोठी माणसं नाम्लो, म्हणजे कपाळावरून घेतलेला पट्टा, लावून पाठीवर विटा वाहतात. प्रत्येक खेपेला एक टोकन.

२०१९ च्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी पाढ्यांचे तक्ते नेले होते, सुंदर, लॅमिनेट केलेले. एक दहा वर्षांची मुलगी त्याकडे ढुंकून बघेना. मी विचारलं, आज किती विटा वळवल्या? ती म्हणाली, चार ओळी. एका ओळीत किती? डोळे न मिटता: दोनशे पन्नास. मग चार ओळी? "हजार," जणू मी वेडीच. पाच ओळी केल्या असत्या तर? क्षणही न घेता साडेबाराशे. तिला गुणाकार येत होता, फक्त तो कागदावर उतरवता येत नव्हता. तक्ते पिशवीत गेले. टोकनं मागवली. मुलं टोकनं मोजून, गठ्ठे करून, मग अंक लिहायला लागली. आम्ही गेल्यावर दिदी आणि तिची मदतनीस हे करू शकतील का, एवढीच आमची परीक्षा होती. तक्ते ती करू शकली नसती. टोकनं रोज आहेतच.

म्हणून सहा दिवसांपैकी चार दिवस आमची माणसं मुलांसमोर कमी आणि दिदीच्या मदतनिशीशेजारी जास्त बसतात. पोरांना याचा कंटाळा येतो. मुलांनी गळ्यात पडावं, पाठीवर बसावं असं त्यांना हवं असतं. तेही थोडं होतं. पण सहा दिवसांत जीव लावून निघून जाणारं माणूस या मुलांच्या आयुष्यात आधीच पुष्कळ आहे.

काही गोष्टी मात्र वादाबाहेर ठेवा. कुणीही एका मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही, नेहमी दोघं मोठे, नजरेच्या टप्प्यात. खोपटीत बोलावल्याशिवाय जायचं नाही. मुलांना फोन नंबर द्यायचा नाही, फेसबुकवर जोडायचं नाही. फोटो नाहीत. फोटोंवरून दरवर्षी कुरकुर होते, तर कारण सांगते: भट्टीचा मालक मुलांच्या मजुरीवरून बातमी होईल या धास्तीत असतो. एक फोटो बाहेर गेला तर तो दिदीला फाटकातून आत घेणार नाही, आणि वर्ग बंद. आमच्याकडे एकच कॅमेरा असतो, माझ्याकडे, आणि त्यात पत्र्याचे, वहीचे आणि आमच्याच पोरांचे फोटो असतात.

नऊ वर्षांचं पोर डोक्यावर विटा नेताना दिसलं तर? तरुण रक्त उसळतं. २०२३ ला आमचा एक जण पळत जाऊन ओझं घ्यायला लागला. बापाला वाटलं पोराचं टोकन बुडालं, आणि मार पोरालाच बसला. जे दिसलं ते संध्याकाळी दिदीला सांगायचं. तिला कुटुंब माहीत असतं, कुठं बोलायचं तेही. फारच गंभीर असेल तर नेपाळातही चाइल्ड हेल्पलाइन १०९८ हीच आहे, आपल्यासारखी.

आणि वाटप नाही. पहिल्या फेरीत बालगृहातून उरलेली दप्तरं आम्ही निघताना एका भट्टीवर वाटली होती. तेहतीस दप्तरं, सत्तर-ऐंशी मुलं. एका मुलीचा हात चेंगरला. दिदीनं नंतर सांगितलं की पुढचे दोन महिने मुलं वर्गात आली की आधी तिचे हात बघायची, काय आणलंय म्हणून. काही द्यायचंच असेल तर पैसे दिदीकडे द्या, तिथल्याच दुकानातून ती वह्या घेईल आणि तीच देईल, आपण निघून गेल्यावर.

सुवार्ता सांगायची की नाही

हा प्रश्न आमच्या कमिटीत दोन बैठका चालला. एक वडील तर म्हणाले, "देवाचं नाव न घेता कसलं मिशन? मग रोटरीतच जा." मी त्यांना मान देते, पण माझं मत वेगळं आहे. कायदा आधी: नेपाळच्या २०१५ च्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परकी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. आपण बस पकडून निघून येऊ. पोलीस दिदीच्या दारात जातील.

पण कायदा नसता तरी मी तेच केलं असतं. हातात खाऊ आणि तोंडात देव, समोर उपाशी लेकरू, हा सौदा बरोबरीचा नाही. वर्गात आम्ही प्रार्थना घेत नाही, पत्रकं नेत नाही. शनिवारी मंडळीत उपासनेला बसतो, त्यांनी सांगितलं तर मराठीत एक गीत म्हणतो. ढोलक-झांजांवरचं भजन त्यांना इतकं आवडलं की आता तेच मागतात. "जय मसीह" म्हणतात ते भेटल्यावर, आम्ही "जय ख्रिस्त" म्हणतो. कुणी विचारलं, तुम्ही एवढ्या लांबून का आलात, तर खरं उत्तर द्यायला बंदी नाही. एका आईनं विचारलं होतं. मी म्हटलं, माझ्या पणजीला कुणीतरी शिकवलं होतं म्हणून. तिनं चहा दिला.

परत आल्यावरचं काम

सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट आम्ही नेपाळात शोधलीच नाही, इथून नेली. नेपाळात शाळेचं नवं वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, गावोगाव 'भर्ना अभियान' असतं. भट्टीवरची मुलं तेव्हा भट्टीवरच. पावसाच्या आधी गावी जातात तेव्हा वर्ग भरून चाललेला, आणि मास्तर विचारतो, कितवीत होतीस? मुलीला सांगता येत नाही. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते मी शाळेत असताना शेकड्यांनी भरलंय, कंटाळून. त्याचाच एक साधा नमुना दिदीला दाखवला. तिनं नेपाळीत केला: मुलाचं नाव, गावच्या शाळेचं नाव, कुठपर्यंत वाचतं, कुठपर्यंत गणित येतं, किती दिवस हजर, दिदीची सही आणि फोन. जाड कार्डावर, दोन्ही बाजूंनी. आमचा हिशोबवाला आणि मदतनीस यांनी तीन रात्री बसून भरली.

यासाठी परत आल्यावर काय करायचं ते इतकंच: मंडळीत साक्ष सांगायची तर दहा मिनिटांत संपवा, मुलांचे चेहरे पडद्यावर नकोत. दर महिन्याला दिदीला फोन, ठरलेल्या तारखेला, नेहमी एकाच माणसानं. कार्डांच्या छपाईचा आणि मदतनिशीच्या पगारातला आपला वाटा वेळेवर, ट्रिप झाली नाही त्या वर्षीही. कोरोनाच्या तीन वर्षांत आम्ही गेलो नाही, पण फोन एकही महिना चुकला नाही. २०२३ ला आम्हाला पुन्हा बोलावलं ते त्यामुळे. आणि जागा बदलू नका. दर वर्षी नवा देश दाखवणारे तरुण संघ मी पाहते, ती सहल असते, सहलीला सहल म्हणावं आणि खुशाल जावं.

२०२४ च्या हंगामात एक्केचाळीस कार्डं दिली होती. पुढच्या डिसेंबरात कुटुंबं परत भट्टीवर आली तेव्हा दिदीनं मोजलं, सतरा मुलांकडे कार्ड होतं. त्यातल्या अकरांवर गावच्या शाळेचा शिक्का. विटांच्या चार ओळींवाल्या त्या मुलीच्या धाकट्या बहिणीचं कार्ड तिच्या आईनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. एप्रिलात आम्ही गेलो तेव्हा तिनं ते काढून दाखवलं, तळाशी दोन-चार दाणे अडकलेले. यंदाचं पत्र आलंय. दिदीला सहा नकोत, चार जण हवेत, आणि त्यातला एक डोळे तपासणारा.